तीन कोटेशनं आणि एक भोक

तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय माझ्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात दोनच गोष्टी केल्या असाव्यात. एक, जन्म घेतला आणि दुसरं, लग्न केलं. आणि लग्नाबद्दल मावशीलाही पुरती खात्री नाही. काका दक्षिणेत आवडी नावाच्या गावी एका कारखान्यात भांडार विभागात होते. तिथे सुतळीचा गुंडा घ्यायचा असला तरी तीन दुकानांकडून बंद पाकिटात भाव मागवायचे, ते तिघांच्या समितीसमोर फोडायचे आणि सर्वांत कमी भाव देणाऱ्याला काम द्यायचं, असा नियम. तीस वर्षं हे करून माणूस कंटाळेल असं मला वाटायचं. काकांना उलट त्याची गोडी लागली होती, आणि संध्याकाळी ते तो नियम रिकाम्या डब्याबरोबर क्वार्टरवर घेऊन यायचे. मी सांगोल्याहून शिकायला त्यांच्याकडे राहिलेला, आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. मोठी माणसं सांगतील ते करायचं, एवढंच मला ठाऊक. नारळ आणायला पाठवताना काका म्हणायचे, "तीन ठिकाणी विचार." मी खरोखर तीन ठिकाणी विचारायचो आणि परत येईपर्यंत मावशीची चटणी नारळावाचून वाटून झालेली असायची. एकदा त्यांनी तीन न्हाव्यांचे भाव आणवले. मावशी म्हणाली, "अहो, डोक्यावर केस किती, आणि त्याला न्हावी तीन?" काका शांतपणे म्हणाले, "प्रश्न केसांचा नाही, पद्धतीचा आहे."

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण मध्ये एसी आला. आमच्या सांगोल्याचं ऊन चटका देतं आणि सोडून देतं. इथलं ऊन ओल्या घोंगडीसारखं अंगावर बसून राहतं. त्यातही मे महिन्यातलं, ज्याला इथे कत्तिरी म्हणतात, ते तर माणसाला आतून शिजवतं. मी दुसऱ्या वर्षाला असताना त्या उन्हात मावशी स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारचे दोन तास यांना थंड खोलीत झोपू द्या, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात हे पुन्हा होईल. दुसऱ्याच दिवशी काकांनी एक टनाचा एसी आणला. कर्मचाऱ्यांच्या दुकानात भाव ठरलेले असतात, तिथे कोटेशनं लागत नाहीत. मला भरून आलं. एसी आणणं आणि एसी बसवणं या दोन वेगवेगळ्या खरेद्या आहेत, हे मला कुठे माहीत होतं?

ती खोकी अकरा महिने हॉलमध्ये होती. आतल्या यंत्राच्या खोक्यावर मावशीने चादर घातली, त्यावर दिवाळीत पणत्या आल्या, पोंगलला उसाची कांडी. पाहुण्यांना ती सांगायची, "हा आमचा एसी. पोह्यांची बशी ठेवा त्याच्यावर, लाजू नका." बाहेरच्या यंत्राचं खोकं माझं अभ्यासाचं टेबल झालं. काकांचंही अगदीच चूक नव्हतं, कारण बसवण्याचा खर्च ही एक वेगळीच भानगड निघाली. कंपनी देते दहा फूट तांब्याची नळी, आणि आमच्या खोलीपासून मागच्या भिंतीपर्यंत अंतर अठरा फूट. शिवाय लोखंडी स्टँड, भिंतीला भोक, पाणी जायला पाइप, मीटरपासून वेगळी वायर, स्टॅबिलायझर. एका दुकानाने अकरा हजार आठशे लिहून दिले, दुसऱ्याने दहा हजार चारशे. तिसरं काही येईना. माणसं यायची, टेप लावून मोजायची, मावशीच्या हातचं ताक प्यायची आणि जायची. त्यातला एक जरा स्पष्ट बोलणारा होता. तो म्हणाला, "सार, रेट तोंडी सांगतो, लिहून घ्या. लेटर, सील, कवर, अदेल्लाम् इल्ल सार." म्हणजे असलं काही आपल्याकडे नाही. काकांनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि मला म्हणाले, "बघ, गुणी माणूस, पण कागद नाही."

एप्रिल संपत आला. मावशी डोक्यावर ओला पंचा ठेवून पोळ्या लाटायची आणि मध्येच ओट्याला धरून उभी राहायची. तिचा हात ओट्यावर गेला की मी पुस्तकातून वर बघायचो. काकांना सरळ सांगावं असं रोज मनात यायचं; पण त्यांच्या घरात राहून, त्यांचं मीठ खाऊन कसं सांगायचं? शेवटी एका सकाळी मावशीनेच मला आत बोलावलं. "तुला कॉम्प्युटर येतो ना? मग ते तिसरं कोटेशन तूच छाप. दुकानाला एखाद्या देवाचं नाव दे, म्हणजे खरं वाटेल."

"मावशी, हे बरोबर आहे का?"

"मी परत पडले तर ते बरोबर होईल का?"

मी छापलं. पण असल्या कागदाची एक रीत असते, ती मला कोणी सांगितली नव्हती. पाकिटं तीन भरावीत म्हणून जे तिसरं घालतात, त्यातला भाव मुद्दाम चढा ठेवायचा असतो. ज्यांच्या घरात कोणी ऑफिसात गेलेलं असतं, त्यांना हे दूध पिताना कळतं. मी दोन दिवस बाजारात फिरून नळीचा, वायरचा, मजुरीचा भाव विचारला आणि प्रामाणिकपणे बेरीज केली. आठ हजार सहाशे पन्नास. दुकान खोटं होतं, निदान भाव तरी खरा असावा, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी दहा वाजता समिती बसली. काका अध्यक्ष, त्यासाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले. मावशी म्हणजे वापरकर्ता विभाग. मी हिशेब तपासणारा सदस्य. पाकिटं खोक्यावरच फोडली. तिसरं वाचून काकांनी भाव मोठ्याने सांगितला, तशी मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मला सांगोल्याची गाडी आठवली. काका खालची ओळ वाचत होते. भाव लिहून झाल्यावर मला राहवलं नव्हतं, आणि मी लिहिलं होतं, 'भोक पाडताना शेजाऱ्यांना त्रास होईल, त्याबद्दल क्षमस्व. काही राहून गेले असल्यास कृपया सांभाळून घ्यावे.' काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तीस वर्षांत," ते म्हणाले, "आधीच माफी मागणारा कंत्राटदार मी पाहिला नव्हता."

मी खोक्यावरच्या चादरीची नक्षी पाहत राहिलो.

"ठीक. सर्वांत कमी भाव यांचा. काम यांनाच."

"अहो, पण ते दुकान..." मावशीने तोंड उघडलं.

"दुकान कुठे का असेना. भाव दिलाय, आता काम करावं लागेल. सात दिवसांत, कत्तिरी लागायच्या आत." त्यांनी वर्क ऑर्डर दोन प्रतींत लिहिली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "पोच पाहिजे." मी सही केली. दुसरं काय करणार?

ते सात दिवस मी विसरणार नाही. मी त्या तोंडी भाव सांगणाऱ्या इलेक्ट्रिशियन अण्णांना शोधून काढलं, त्यांच्या हातापाया पडलो. तांब्याची नळी स्वस्त मिळते म्हणून शहरातल्या पॅरिस कॉर्नर नावाच्या बाजारापर्यंत गेलो आणि तिचं वेटोळं गळ्यात अडकवून लोकलने परत आलो. समोरच्या म्हाताऱ्याने पाय वर घेत विचारलं, "तंबी, पाम्बा?" बाळा, साप आहे का, म्हणून. सातव्या दिवशी अण्णांनी भिंतीला भोक पाडलं, यंत्र लागलं आणि खोलीत पहिला गार वारा आला. सगळं मिळून नऊ हजार तीनशे झाले होते. वरचे साडेसहाशे मी मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशातून गेले. आणि काकांनी मला काय दिलं? आठ हजार सहाशे पन्नासातून दहा टक्के कापून उरलेले. "अनामत," ते म्हणाले. "यंत्र वर्षभर नीट चाललं तर परत." मला इतका संताप आला की मी "बरं काका" म्हणालो आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

खाली आलो तेव्हा काका भिंतीतून निघालेला विटेचा गोल तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. वर्षभरात ते निवृत्त होणार होते आणि क्वार्टर होतं तसं परत करायचं होतं. त्यांनी त्यावर चिठ्ठी लावली, 'मागील भिंत. परत बसवणे.'

त्या कत्तिरीत मावशी पडली नाही. दुपारी दोन तास ती झोपायची. काका सुट्टीच्या दिवशी दाराबाहेर पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि मीटरचे आकडे वहीत मांडायचे. ती आत बोलवायची तर म्हणायचे, "मी वापरकर्ता नाही." भाजीवाली ओरडली की मात्र धोतर सावरत जिन्यापर्यंत धावायचे, "मेल्ल, अम्मा, मेल्ल!" हळू, बाई, हळू.

वर्ष गेलं. मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला नोकरी लागली. काका निवृत्त झाले, विटेचा तुकडा सिमेंट लावून भिंतीत परत गेला, सामान गावाकडे रवाना झालं. ते दोघं निघायच्या आदल्या दिवशी काका गाड्या बदलत, भर उन्हात माझ्या ऑफिसच्या फाटकाशी आले. अनामतीची मुदत त्याच दिवशी भरत होती. पाकिटात आठशे पासष्ट रुपये होते. थंडगार ऑफिसातून बाहेर आलेल्या मला धीर चढला असावा. मी म्हणालो, "काका, वर माझे साडेसहाशे गेले होते."

"माहीत आहे. भाव कमी टाकलास. पुढच्या वेळी नीट टाक."

एवढं बोलून ते बसकडे वळले. शर्ट पाठीला चिकटलेला होता. पाणीही न घेता गेले, हे मला नंतर सुचलं. पाकिटात पैशांच्या मागे एक कागद होता, सही आणि तारीख घातलेला. 'काम समाधानकारक. वर्षभरात एकही तक्रार नाही. वापरकर्ता विभागास दुपारी झोप लागते.'

माझ्या फाइलीत तो कागद पदवीच्या आधी लावलेला आहे.