काकांच्या पायाखालचं रबर

भीमाच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता, असं निदान भीमाचं म्हणणं होतं. वांगणीजवळच्या वाडीतून येऊन वीस वर्षं तो लोकांची छतं करत होता. बदलापुरात, हेंद्रेपाड्याला, राजसीने तळघरात गाण्याचा स्टुडिओ काढला तेव्हा तिने त्यालाच बोलावलं. वरच्या घरातली ठकठक तिच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये शिरत होती. भीमाने रबरी हँगरवर दुहेरी छत टांगलं, मध्ये आवाज शोषणारं ग्लासवूल ठासलं. ठकठक थांबली आणि भीमाची छाती दोन इंच फुगली.

पंधरा दिवसांनी उरलेलं सामान न्यायला आला, तेव्हा शाबासकीच्या आशेने तो वर चढला. वर श्यामकांतकाका आणि वृंदाकाकू राहत. काका कारखान्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर अर्धांगवायूने उजवा पाय धरला. वॉकर घेऊन ते घरभर फेऱ्या मारत, तीच ती ठकठक.

“आता काकांना पळू द्या,” भीमा ऐटीत म्हणाला. “खाली काय बी जात नाय.”

“ते चालतच नाहीत रे,” काकू म्हणाल्या. “माप घ्यायला आलास तेव्हा तूच म्हणालास ना, काकांच्या वॉकरने पोरीचं काम अडतं? तेव्हापासून बसून आहेत. पाय पुन्हा आखडलाय.”

भीमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने काकांना हाताला धरून उठवलं, वॉकर देऊन चार पावलं चालवलं. लगेच खालून राजसीचा फोन आला. “भीमादादा, वर काय चाललंय? सगळं ऐकू येतंय.”

तो खाली गेला आणि त्याने सांगून टाकलं, “ताई, माझं काम फसलंय. काका तुमच्यासाठी बसून राहिलेत.” राजसीचे डोळे भरून आले.

वॉकरचा दणका लादीतून भिंतींत आणि भिंतींतून खाली उतरत होता. तो वरच अडवायला हवा होता. दोन दिवस खपून भीमाने काकांच्या घरभर जाड रबर अंथरलं, वॉकरच्या चारही पायांना मऊ टोप्या घातल्या.

मग तळघरात येऊन त्याने दार लावलं आणि वर फोन केला. राजसी श्वास रोखून शेजारी उभी होती.

“काकू, काकांना चालायला सांगा.”

वरून काहीच ऐकू येईना. भीमाला वाटलं, काका अजून बसूनच आहेत.

“सांगा ना काकू. घाबरू नका म्हणावं.”

“अरे, कधीचे चालतायत,” काकू म्हणाल्या. “गॅलरीपर्यंत पोचले. मीच मागे राहिलेय.”