नसीमआपांचे सतरा फोन

कुणी नवा फोन घेतला की नसीमआपा त्याच्याकडे पेढा मागत नसत, फोन मागत. उलटसुलट करून बघत, मनापासून कौतुक करत आणि अहिराणीत विचारत, "तुन्हा शे का?" माणूस फुशारून हो म्हणाला की कंपनीने आधीच घालून दिलेल्या एखाद्या अ‍ॅपवर बोट ठेवत. "मंग हाई काढी दखाड." तो बिचारा दाबून, ओढून, सेटिंगमध्ये शिरून घामाघूम व्हायचा. अ‍ॅप जागचं हलायचं नाही. "निंघत नही ना? मंग फोन तुन्हा कसा? तूच तेन्हा शे." आणि फोन परत देताना वर, "मुबारक हो."

धानोऱ्याहून मी नंदुरबारला एका संगणक वर्गात शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी विद्यार्थ्यांच्या देखत माझी ही गत झाली. आपा तिथे माझ्या वरिष्ठ. वय पन्नाशीचं, डोक्यावरून घट्ट ओढणी, कानामागे पेन्सिलीसारखा खोचलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर. वडील जवळच्या रनाळे गावात घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे चिमटा आणि भिंग हेच त्यांचं माहेरचं आंदण. घड्याळांवरून त्या रेडिओवर आल्या, रेडिओवरून मोबाइलवर, आणि मोबाइल उघडता उघडता लिनक्सवर.

लिनक्स म्हणजे अशी प्रणाली, जिचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. कुणीही वाचावा, बदलावा, बदल पसंत पडला तर तो सगळ्यांचा होतो. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनांवर ही प्रणाली चालवणारी मंडळी जगभर आहेत. आपा त्यांच्यातल्या एक. त्यांनी एका जुन्या मॉडेलचा ध्यास घेतला होता. लोकांनी टाकून दिलेले ते फोन गोळा करायच्या, त्यांत लिनक्स घालायच्या आणि ज्याला हवा त्याला वापरायला द्यायच्या. स्वतःही तोच वापरायच्या. त्यावर सगळं चालायचं, फक्त बोलता यायचं नाही. आपांना समोरच्याचं ऐकू यायचं, पण त्यांचा आवाज पलीकडे जायचा नाही.

"आपा, हे दुरुस्त करा ना," मी म्हणायचो.

"कसाले? नणंदना फोन येस तव्हय कितलं सुख लागस, तुले काय माहीत!"

खरंच, नणंदबाई अर्धा तास बोलायच्या आणि आपा फोन टेबलावर ठेवून शांतपणे सर्किट जोडत बसायच्या. नणंदेचा समज असा झाला की भावजय हल्ली फार सोशिक झाली आहे.

मग एक दिवस रनाळ्याहून त्यांच्या आईचा फोन आला. आपा हो हो म्हणत होत्या, पलीकडे काहीच पोचत नव्हतं. अम्मी दोनतीनदा म्हणाल्या, "क्यों गे नसीम, रूठ गई क्या?" आणि फोन ठेवला. दोन तासांनी भर उन्हात, एस.टी.ने, हातात डबा घेऊन सत्तरी ओलांडलेली ती बाई वर्गाच्या दारात उभी. लेकीची समजूत काढायला आली होती. आपांनी आईला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि डबा उघडून तिच्यासोबतच जेवायला बसल्या. 

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माइकचं काम हातात घेतलं. अकरा दिवस गेले. फोनमध्ये दोन माइक होते आणि कोडमध्ये भलत्याच माइकचा क्रमांक लिहिलेला होता. अकरा दिवसांचं फळ म्हणजे दोनच्या जागी एक. हा बदल लिनक्सच्या त्या मंडळींकडे पाठवताना काय केलं ते वर थोडक्यात लिहायचं असतं. आपांनी लिहिलं, "मायले वाटनं पोर रुसनी. आते आवाज जास." त्या मंडळींच्या परदेशातल्या प्रमुखाने विनयाने विचारलं की वरची ओळ कोणत्या भाषेत आहे. आपांनी उत्तर दिलं, "ज्या भाषेत माझा फोन बिघडतो, त्या भाषेत." बदल मंजूर झाला. अहिराणी ओळीसकट.

पुढे वर्षभराने त्याच प्रमुखाने जाहीर केलं की हे मॉडेल कुणी वापरताना दिसत नाही, तेव्हा महिनाअखेर ते यादीतून काढू. यादीतून काढणं म्हणजे पुढे सुधारणा बंद, म्हणजे ते फोन हळूहळू मरणार. आपांनी तोवर सतरा फोन वाटले होते. एक अम्मीकडे, एक बाजारातल्या मारवाडी कापडवाल्या शेठजींकडे (त्यांना जाहिराती नसलेला फोन हवा होता), एक माझ्याकडे, दोन तोरणमाळच्या एका शाळेतल्या पावरा गुरुजींकडे. ते मुलांसाठी आपल्या पावरी बोलीचा शब्दकोश तयार करत होते.

मी लगेच शक्कल लढवली. "आपा, वीस खोटी नावं काढू आणि लिहू की आम्ही वापरतो."

आपांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "खोडी येगळी आनि लबाडी येगळी, हेमंत. लबाडीले खोटा माणूस चालस. खोडी काढाले खरा लागस."

आणि मग त्यांनी खोडी काढली. "वापरणारं कोनी नही म्हने. मंग वापरणारास्नी कटकट तरी आयका!" माझ्या मोटारसायकलवर बसून आम्ही तोरणमाळचा घाट चढलो, रनाळ्याला गेलो, बाजार पालथा घातला. प्रत्येकाकडून फोनची नीट तपासणी करून घेतली आणि तक्रार त्याच्याच भाषेत लिहून पाठवायला लावली. एकाच आठवड्यात त्या प्रमुखाच्या दारात अहिराणी, पावरी, मारवाडी, उर्दू अशा भाषांत, फोनमागे एक, सतरा तक्रारी येऊन बसल्या. शेठजींनी लिहिलं की घंटी ऐकून गिऱ्हाईक हसतं. गुरुजींनी कळवलं की चार्जिंग ठीक आहे, पण पडदा थंडीत दगा देतो. अम्मींच्या वतीने मी लिहिलं की गजराचा आवाज मेलेल्या कोंबड्यासारखा आहे. शब्द त्यांचेच.

चार दिवस गेले. मग उत्तर आलं. मॉडेल यादीत राहील. पण इतक्या तक्रारींना वाली हवा, म्हणून या फोनची जबाबदारी असलेली व्यक्ती म्हणून नसीमआपांचं नाव नोंदवलं आहे.

"या अल्ला, मीच फसनी!" आपा हसत सुटल्या. हसता हसता थांबल्या आणि पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचू लागल्या. वर्गाच्या पाटीवर मालकांच्या मेहुण्याचं नाव होतं. आपांचं नाव कुठल्या कामापुढे लिहिलेलं आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं, त्यांनीही नाही. त्यांनी तिथूनच आईला फोन लावला.

"अम्मी, बड़ा काम हुआ. नाम मिला."

पलीकडून अम्मी म्हणाल्या, "नाम तो मैंनेच रखा था तेरा."

पुढची तीन वर्षं आपांनी त्या सतराही तक्रारी एकेक करून निस्तरल्या. मग त्यांच्या मुलाने सुरतेला घर घेतलं आणि आईवडिलांना तिकडे बोलावलं. निघताना जबाबदारीच्या जागी माझं नाव घालून मोकळ्या झाल्या. स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मी धास्तावून म्हटलं, "आपा, माझ्या हातून चूक झाली तर?"

"व्हईच. पन लपाडू नको. आपली मिरची कशी, झाकी ठेवेल कुजस, उघडी ठेवेल वाळस." गाडी हलली तशी खिडकीतून ओरडल्या, "आनि कोनलेबी सांगू नको का मी शिकाडेल शे!"

दोन महिन्यांत माझ्या हातून चूक झालीच. मी पाठवलेल्या बदलाने चार फोन सुरूच होईनात. फार वाटलं की गुपचूप सगळं पुसून टाकावं. तरी जिवावर उदार होऊन लिहिलं, चूक माझी, कारण सापडत नाही. खाली स्वतःचं नाव घातलं आणि फोन पालथा ठेवून वर्गात शिकवायला उभा राहिलो.

तास संपायच्या आत दुरुस्ती आली होती. नेमकी, चार ओळींची, आणि वर पावरीत काहीतरी लिहिलेलं. पाठवणारे तोरणमाळचे गुरुजी. मी चक्रावलो. या माणसाने माझ्यासमोर कधी कोडची एक ओळ लिहिली नव्हती. मी सुरतेला फोन लावला.

"आपा, गुरुजींना हे कधी शिकवलंत?"

"रोज सांजले फोनवर. दोन महिना व्हयनात."

"मला का नाही सांगितलं?"

"तू चुकशी, हाई माले माहीत व्हतं ना," आपा म्हणाल्या, आणि पलीकडे हसू आवरेना म्हणून त्यांनी फोनच ठेवून दिला.