वाढत्या मापाचं हँडल

गल्लीत त्याला सगळे ‘दोनबोटे’ म्हणत. आडनाव नव्हे ते; कपडा कुणाचाही असो, माप घेतल्यावर हा शिंपी त्यात दोन बोटं जास्त धरायचा. लहानपणी भर वर्गात हात वर करताना त्याचा शर्ट खांद्यावर टर्रकन फाटला होता. तेव्हापासून तोकड्या कपड्याची त्याला धास्तीच बसली. त्याने शिवलेला शाळेचा सदरा मुलांना तीन वर्षं पुरायचा, म्हणून आया त्याला दुवा देत. बायको मात्र म्हणायची, “लग्नाच्या वर्षी यांनी मला कोट शिवला. पंचवीस वर्षं झाली, अजून मी त्यात मोठी होतेच आहे.”

त्याची धाकटी मुलगी सोळा वर्षांची. चुलतभावाच्या जुन्या रेसिंग सायकलवर ती शर्यती खेळायची. येत्या रविवारी क्लबच्या संघासाठी निवड होती, सहाच जणी घेणार होते. आणि नेमकी सोमवारी ती वळणावर पडली. तिचं खरचटण्यावर निभावलं, पण हँडल वाकलं आणि ते सायकलला जोडणारा दांडा, म्हणजे स्टेम, चिरला.

बापलेक ती घेऊन सायकलच्या दुकानात गेले. काचेतल्या काळ्या कार्बनच्या हँडलची किंमत ऐकून दोनबोटे म्हणाला, “एवढ्यात माझं शिलाई मशीन आलं होतं, मोटरसकट.”

“मग बघूच नका तिकडे,” दुकानदार हसला. “कार्बनने शंभर ग्रॅम वाचतात. तेवढे पोरीने घोटभर पाणी कमी भरलं तरी वाचतील. ॲल्युमिनियमचं घ्या. मजबूत असतं, स्वस्त असतं. फक्त माप चुकवू नका. खांद्याच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत, तेवढंच हँडल रुंद.”

दोनबोटेने गळ्यातली टेप काढून मापलं. “अडतीस सेंटिमीटर. बेचाळीसचं द्या.”

“अहो मास्तर, अडतीस म्हणालात ना?”

“वाढतं अंग आहे, दादा. पुढच्या वर्षी काय पुन्हा नवं घेऊ? आणि तो दांडासुद्धा जरा लांब द्या. उंची वाढतेय तिची.”

“हा सदरा नाही, मास्तर!”

“माप ते माप,” दोनबोटे म्हणाला. दुकानदाराने धाकटीकडे पाहिलं. तिने मान खाली घालून सायकलची घंटी असते ती जागा पुसायला घेतली, आणि त्या सायकलला घंटी नव्हतीच. दुकानदाराने बेचाळीसचं हँडल बसवून स्क्रू आवळले.

शुक्रवारी सकाळी दोनबोटे सराव बघायला रस्त्याच्या कडेला उभा राहिला. धाकटी समोरून गेली, तेव्हा त्याने कौतुकाने हात हलवला. मग ती पाठमोरी झाली आणि त्याचा हात खाली आला. तिच्या जर्सीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एक आडवी सुरकुती ताणून बसली होती. हात फाकलेले, कोपरं ताठ, मान पुढे ओढलेली. तीस वर्षांत अशी सुरकुती पाहिली की तो गिऱ्हाइकाला न विचारताच शिवण उसवायला घेई.

घरी आल्यावर त्याने तिचे तळवे हातात घेतले. “मुंग्या येतात?”

“थोड्या.”

“थोड्या म्हणजे?”

“वीस मिनिटांनी बोटांना ब्रेक कळत नाही,” ती म्हणाली.

तो जेवलाही नाही. सायकल हाताने ढकलत दुकानात गेला. “दादा, चूक माझी. तुम्ही सांगत होतात.”

“वापरलेला माल परत घेत नाही मी,” दुकानदार म्हणाला. मग दोनबोटेच्या तोंडाकडे बघून तो माळ्यावर चढला आणि एक जुनं हँडल आणि आखूड दांडा घेऊन उतरला. “एका गिऱ्हाइकाच्या सायकलवरून काढलेलं आहे. अडतीसच. दिसायला यथातथा, पण वाक नाही, चीर नाही, आणि एकमेकांत बसतात. तुमचं नवं इथे ठेवा, हे घेऊन जा. फिट्टंफाट.”

दोनबोटेने ते हँडल उजेडात धरून कापडाचा ताणा-बाणा तपासावा तसं बोट फिरवून तपासलं, आणि मान डोलावली.

रविवारी धाकटी पाचवी आली. यादीत नाव लागलं. घरी परतताना दोघे सायकल मधे धरून चालत होते.

“दुकानात बोलली का नाहीस गं?”

“तुम्ही इतक्या हौसेने निवडत होतात, बाबा.”

तो म्हणाला, “यापुढे बोलायचं. माझा मान ठेवायला हात बधिर करून घ्यायचे नाहीत.”

“बोलू मग?”

“बोल की.”

“सीटसुद्धा उंच आहे. तुम्ही वर केलीत त्याला महिना झाला.”

दोनबोटे जागच्या जागी थांबला. त्याने सायकल भिंतीला टेकवली, तिच्या पिशवीतला पाना काढला आणि सीटखाली वाकला.

“कुठपर्यंत खाली घेऊ, ते तूच सांग,” तो म्हणाला.