खिडकीबाई आणि झऱ्यावरचा दगड

पाणी खात्याच्या कचेरीत तक्रारीची एकच खिडकी होती आणि तिच्यामागे बसणाऱ्या बाईंना सगळं गाव खिडकीबाई म्हणायचं. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, गढूळ नसेल तर शेजाऱ्याने मोटर लावून ओढलेलं. दिवसभर हेच ऐकायचं, लिहून घ्यायचं, आणि ‘साहेब बघतो म्हणालेत’ एवढं सांगून माणसाला वाटेला लावायचं. दुसरी कुणी असती तर वसवस करणारी झाली असती. खिडकीबाई लेखिका झाल्या.

त्या साहसकथा लिहीत. जाडजूड, मुखपृष्ठावर मशाल आणि भुयार असलेल्या. नदी गिळणारा राक्षस, तळ्याला शाप देणारी म्हातारी अशा जुन्या दंतकथा घ्यायच्या आणि त्यात खिडकीपाशी ऐकलेली आजची भांडणं मिसळायची, ही त्यांची रीत. त्यांचा राक्षससुद्धा ‘बघतो’ म्हणायचा. ज्याने टँकर अडवला असेल तो पुढच्या पुस्तकात सेनापती होऊन बुडायचा. हे कळल्यापासून लोक तक्रारीला तिखटमीठ लावू लागले. एक आजोबा नळातून बेडूक आल्याचं सांगायला पुन्हा पुन्हा येत, आणि दर खेपेला बेडूक वाढलेला असे. नवऱ्याला बायकोचं कौतुक होतं, पण तोंडावर सांगेल तर शपथ. “आमच्याकडे नळ कोरडा आणि पेन ओलं,” एवढंच तो म्हणायचा.

बाईंचं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. टाकी वर, त्यामुळे पाणी आधी वर यायचं आणि उरलंसुरलं खाली. दोन्ही आळ्यांमध्ये विस्तव जात नसे. वरच्या आळीच्या पाणी समितीचा अध्यक्ष म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ, आणि खाली जाणाऱ्या पाइपाच्या व्हॉल्व्हची किल्ली त्याच्याच खिशात. तो व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, ही खालच्यांची कायमची तक्रार. ती लिहून घ्यायला बसलेली त्याचीच बहीण. साहेब अर्थातच बघत होते.

भांडण कितीही असलं तरी एक दंतकथा दोन्ही आळ्यांची सामाईक होती. डोंगरात झऱ्यापाशी भाऊ राहायचा, खाली उतारावर बहीण. एके वर्षी भावाने झऱ्याच्या तोंडावर दगड ठेवला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. आई सांगायची, पूर येणार होता, बहिणीचं घर वाहून जाऊ नये म्हणून ठेवला. लग्न झाल्यावर सासूबाईंनी सांगितलं, “कसला पूर नि कसलं काय. सगळं पाणी एकट्याला हवं होतं मेल्याला.” नवी सून असूनही बाई तेव्हा फिसकन हसल्या. त्यांना वाटलं, सासूबाई माहेरची थट्टा करताहेत.

पुढे ही कथा लिहायला घेतली तेव्हा मात्र बाईंनी सासूबाईंची बाजू उचलली. साहसकथेला खलनायक लागतो. बहिणीला पुरातून वाचवणारा भाऊ तिथे काय कामाचा? त्यांची नायिका मशाल घेऊन डोंगर चढली, भुयारातून गेली आणि तिने दगड फोडला. पुस्तक हातोहात खपलं. खालच्या आळीत तर ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही घेतलं.

आणि मग घोटाळा झाला. पुस्तकातला खलनायक पाणी भरण्याआधी हंडा बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. ही सवय बाईंच्या दादाची. लहानपणी अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो एकेक भांडं वाजवून सांगायचा, यात गळ्यापर्यंत आहे, यात तळाला. धाकटीला वाटायचं, दादाला जादू येते. लिहिताना हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. खलनायकाला एखादी लकब हवी होती, हाताला सापडली ती त्यांनी देऊन टाकली. खालच्या आळीला आयताच पुरावा मिळाला. दादा दिसला की पोरं डबे वाजवायची. बाजारात भांड्यांच्या दुकानदारानेही एकदा पातेलं वाजवून दाखवलं. दादाने बहिणीशी बोलणं टाकलं. बाई धावत माहेरी गेल्या तर वहिनी दारातच म्हणाली, “हे घरात नाहीत.” दादाच्या चपला उंबऱ्याशीच होत्या.

बाईंना त्या दिवसापासून एक ओळ सुचेना. प्रकाशक दुसरा भाग मागत होता, पण त्यांना दादा हवा होता. तो बोलत नाही म्हटल्यावर माहेर म्हणजे नुसत्या भिंती.

“पुढच्या आवृत्तीत लकब बदल,” नवरा म्हणाला. “नाक ओढणारा कर त्याला.”

“नाक मामंजी ओढायचे,” बाई म्हणाल्या.

उन्हाळा कडक झाला, खिडकीपुढची रांग वाढली. एका दुपारी बाईंनी मान खाली घालूनच नेहमीसारखं विचारलं, “आळी कुठली?”

“खालची,” समोरून आवाज आला. बाईंचं पेन थांबलं. दादा उभा होता, रांगेत उभा राहून घामाघूम झालेला.

“खालच्या आळीला पाणी पुरत नाही,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवलाय.”

“कुणी?”

“मी. लिही.”

रांगेतली माणसं खिडकीकडे सरकली.

“पाइप जुनाट होता तेव्हा,” दादा सांगू लागला. “पूर्ण सोडला असता तर तुझ्या दारातच फुटला असता. म्हणून अर्धा ठेवला. तुझ्या पुस्तकात पूर नाहीच. पण पूर होता गं, सुरुवातीला होता. मग पाइप नवा टाकला. तेव्हा उघडायला हवा होता. पण वर पाणी मुबलक, सगळे खूश, मलाही मान मिळत होता. नाही उघडला.”

“मला सांगायचंस तरी.”

“तू विचारलंस कधी? रोज लिहून मात्र घेत होतीस.”

अख्ख्या गावाची गाऱ्हाणी त्यांनी ऐकली होती, पण एक चढ चढून भावाला विचारावं हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“सकाळीच उघडून आलोय,” दादा म्हणाला. “तरी तक्रार नोंदव. नाहीतर उद्या आमचेच लोक पुन्हा बंद करायला लावतील, आणि माझा काही भरवसा नाही.”

बाईंनी लिहिलं, त्याने सही केली. त्याचे ओठ सुकले होते. त्यांनी आपली स्टीलची बाटली खिडकीतून पुढे सरकवली. त्याने ती घेतली, बोट आपोआप वाकलं आणि हवेतच थांबलं. त्याने मागे रांगेकडे पाहिलं.

“वाजव रे दादा,” बाई म्हणाल्या.

त्याने बाटली दोनदा वाजवली, कान लावला.

“अर्धीच आहे,” तो म्हणाला. “मी प्यायलो तर तुला उरेल?”