काच काढलेलं घड्याळ

“ताई, अम्मी म्हणतात तुम्ही घड्याळ बदललंत.”

इरफान खाली मान घालून बोलत होता. माझ्या खांदेश्वरच्या वर्कशॉपमधून आदल्याच दिवशी तो हे घड्याळ घरी घेऊन गेला होता. जुनी घड्याळं दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यात असा आरोप म्हणजे दुकानाला कुलूपच.

घड्याळ टेबलावर ठेवायचं, तळहाताएवढं. लाजवर्द म्हणजे गडद निळ्या दगडाची चौकट. डायलवर इनॅमल, म्हणजे धातूवर काचेची पूड भाजून चढवलेला रंग. आकड्यांच्या जागी उंच बसवलेले बारीक लाल खडे. इरफानचे वडील जहाजावर फिटर होते. कुठल्यातरी बंदरातल्या जुन्या बाजारातून त्यांनी ते आणलं होतं. ते गेल्यावर घड्याळ अम्मींच्या उशाशी असायचं. इरफानलाही आता जहाजावर जॉइन व्हायचं होतं. त्याआधी त्याला ते नव्यासारखं करून हवं होतं. मी मशीन साफ केलं, चांदीची कड उजळली आणि फुटून गेलेली पुढची काच नवीन बसवली.

“चल, मीच अम्मींना दाखवते,” म्हटलं आणि उरणला त्याच्या घरी गेले.

इरफान आत चहा टाकायला गेला. मी अम्मींसमोर मोबाइल धरला. “चाची, हा दुरुस्तीच्या आधीचा फोटो. दगडातली पांढरी रेघ बघा. तीच आहे ना?”

त्यांनी मान पुढे केली, नीट बघितल्यासारखं केलं. “हां, हाय तशीच. फोटो बरा हाय.”

मी मोबाइल खाली घेतला. स्क्रीन केव्हाच काळी झाली होती.

घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांची बोटं सरळ डायलकडे गेली, काचेवर घसरली आणि थांबली.

“चाची, तुम्हाला दिसत नाही?” मी हळूच विचारलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. “हलू बोल, बेटी. उजेड कलतो, बाकी काय नाय. खडे चाचपून मी टाइम बघायची. त्याला कललं तर तो जहाजावर जानार नाय.”

“काच मी काढते. पण त्यानं कारण विचारलं तर मी खोटं नाही बोलणार.”

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. मी पिशवीतली हत्यारं काढून काच उतरवली. इरफान चहा घेऊन आला तेव्हा त्यांनीच हाक मारली. “इकडं ये. डोले मिट.” त्याचं बोट धरून त्यांनी खड्यांवरून, काट्यांवरून अलगद फिरवलं. “किती वाजलं?”

“पाच?”

“साडेसहा,” त्या म्हणाल्या. “तुला सवय नाय.”

त्यानं डोळे उघडले. आधी घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “कधीपासून, अम्मी?” तो तिथेच त्यांच्या पायांशी बसला. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. चहा कुणीच घेतला नाही.

इरफाननं ते जहाज सोडलं. अम्मींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशननंतर एका डोळ्याची नजर चांगली आली, दुसऱ्याची फारशी नाही. मग त्यांनीच त्याला पुढच्या जहाजावर धाडलं.

काच मी परत बसवली नाही. बोट लागून सरकू नयेत म्हणून काटे थोडे घट्ट केले. उघड्या डायलमधून धूळ जाते, त्यामुळे घड्याळ साफसफाईला वरचेवर माझ्याकडे येतं. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, हे घड्याळ घरात कोण वापरतं? आणणारा आणि वापरणारा माणूस एकच असेल असं नाही.