सही करायला औशाहून आलेली कौसल्यामावशी

आज सकाळी कौसल्यामावशी गेली. फोन ठेवला आणि आधी वाटलं, सुटली बिचारी.

तीन महिने कॅन्सरने तिला धड झोपू दिलं नव्हतं. आज झोपेतच गेली.

रडू नंतर आलं.

मावशी माझी सख्खी नाही. अर्धापूरजवळच्या आमच्या गावात ती केळीच्या बागेत कामाला जायची. कॉलेज संपवून मी गावातल्या बायांची संघटना बांधत होते. बंद पडलेलं आरोग्य उपकेंद्र उघडा म्हणून तहसीलवर मोर्चा नेला, तेव्हा सगळ्यात पुढे हीच.

संध्याकाळी अंगणवाडीत मी बायांना लिहायला शिकवायचे. मावशी तिथंच सही शिकली.

मग मी पंचायत समितीला उभी राहिले. फॉर्मवर सूचक म्हणून मावशीची सही.

छाननीच्या दिवशी समोरच्यांनी हरकत घेतली. "ही बाई अंगठेबहाद्दर आहे. सही खोटी आहे."

निवडणूक अधिकारी साहेब म्हणाले, "उद्या अकरापर्यंत त्यांना हजर करा. नाहीतर अर्ज बाद होईल."

गावात आले तर मावशीच्या घराला कुलूप. फोन बंद.

शेजारीण म्हणाली, "काल जीपमधले दोघं तिलाच विचारून राहिले होते बघ."

माझं डोकं फिरलं. सगळ्या बायांसमोर मी बोलून गेले, "मावशी फुटली. त्यांना जाऊन मिळाली."



दुसऱ्या दिवशी पावणेअकराला तहसीलच्या गेटवर ऑटो थांबला. आतून मावशी उतरली. हातात पिशवी, केस विस्कटलेले.

"कुठं होतीस गं?"

"औशाला. लेक बाळंत झाली, आपली सुनीता. पोरगी झाली. गडबडीत फोन पान्यात पडला."

"मग इथलं तुला कसं कळलं?"

"ते जीपवाले पत्ता काढत आले की तिथं! म्हनले, उद्या अकराला अर्धापूरला जाऊ नका, अन् सही माझी न्हाई असं लिहून द्या. च्या पाजला अन् वाटंला लावलं. तवाच कळलं, आपल्याला जायाला लागतंय. सकाळची पहिली गाडी धरली."

आत साहेबांनी कोरा कागद पुढे केला. मावशीनं पदर सावरला, पेन घेतलं.

'कौसल्या'मधल्या 'ल्या'ला तिनं इतका वेळ लावला, की मी श्वास घ्यायला विसरले.

साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघितल्या. "ही तुमचीच सही?"

"हाव. माझीच हाय."

"अर्ज वैध."

मी तिथंच फरशीवर बसले.  मावशी म्हणाली, "ऊठ पोरी, लोकं बघून राहिलेत."

निवडून आले. थोडक्यात आले, पण आले. उपकेंद्राचं कुलूप निघालं, नर्स आली.

पण तिच्या पाठीमागे काय बोलले होते, ते मात्र मी तिला सांगितलंच नाही. रोज भेटायचे, रोज राहून जायचं.

मागच्या महिन्यात नांदेडच्या हॉस्पिटलमध्ये तिच्या कॉटशेजारी बसले होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मावशी, तू औशाला होतीस ना, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तू फुटलीस."

ती हसली. "मला त्याच दिवशी कळलं होतं. बाया काय पोटात ठेवतेत व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर प्रचार सोडून माझी समजूत काढत बसली असतीस."

"राग नाही आला?"

"लई आला. दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाई. मग गेला."

एवढं बोलून तिनं माझा हात धरला आणि डोळे मिटले. मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन मनसोक्त रडले. कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

हे बोलायचं राहून गेलं असतं, तर आज तिच्या अंगावर फूल ठेवायलाही माझा हात उचलला नसता.

दुपारी नदीवर आम्ही सगळ्या बाया गेलो. एक दोन माणसं म्हणाली, बायांचं काय काम इथं. आम्ही ऐकलं नाही. पुढचा खांदा सुनीतानं दिला, मागचा मी.

मावशी, सावकाश जा. आता दुखणार नाही.