जर्मनीला पाठवलेला ओला चमचा

माणूस स्वतःच्या तोंडानं स्वतःचं किती वाटोळं करू शकतो, हे ऐकायचं असेल तर कप खाली ठेवा आणि मधे बोलू नका. मी उचगावची शोभा. चौथी पास. आणि मी ‘आलो, गेलो’ असंच लिहिणार. आमच्याकडं बायका असंच बोलतात. ज्याला खटकेल त्यानं आपल्या घरी आपलं बोलावं.

आधी भांडण समजून घ्या. माझी थोरली जाऊ म्हणजे आक्का. आमची घरं भिंतीला भिंत लावून, चुली वेगळ्या, पण वर्षाची चटणी एकत्र. मिरची दोघींनी निवडायची, डंकावर कांडून आणायची, एकाच मोठ्या बरणीत भरायची. प्रमाण मात्र आक्काच्या हातात. कांदा किती तळायचा, लसूण किती घालायचा, ते तिलाच ठाऊक. दोन वर्षांमागं बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. अख्ख्या वर्षाची चटणी उकिरड्यावर गेली. कुणीतरी ओला चमचा घातला होता. मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, “आक्कानं घातला.” ती म्हणाली, “मी न्हाई.” त्या दिवसापास्नं बोलणं बंद, बरणी वेगळी.

तेव्हापास्नं माझी चटणी कशी होते, विचारू नका. आमचे मालक हातात भाकरी घेऊन भिंतीपलीकडं जातात आणि म्हणतात, “वैनी, वाईच चटणी द्या की.” बायकोचा यापेक्षा मोठा अपमान मला तरी माहीत नाही.

यंदा उन्हाळा लागला तशी आक्काच दारात आली. “शोभा, मिरची एकत्र घिऊया काय?” मी लगेच हो म्हणालो नाही. तिला उंबऱ्यात उभं केलं, दोन भांडी घासली, मग हो म्हणालो. सोमवारी सकाळी डंकावर जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात मॅडम आल्या. पोरगीच होती, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची चळत. खरं तर ती आक्काचं घर शोधत होती. आक्काचं माहेर सीमेपलीकडचं, तिला कन्नड येतं. मी म्हणालो, “तिच्याकडं काय जाताय, ती मुकी हाय.” आणि मॅडमना आत घेतलं.

“मावशी, मी विभक्तीचा अभ्यास करते. कुणी केलं, कुणाला केलं, कशात केलं, हे वेगवेगळ्या भाषा कसं दाखवतात ते बघते.”

“म्हंजे चौकशी.”

“तसंच म्हणा.”

चौकशीत आपला हात कोण धरणार? मी पाट टाकून बसलो. त्यांनी माझ्या पदराला बारका माईक लावला. सांगत होत्या, फिनलंड म्हणून देश आहे, तिथल्या भाषेत पंधरा विभक्त्या. आमच्या गुरुजींकडं आठच होत्या म्हणे. त्यातली पहिली शिकवायच्या आधी बापानं मला म्हशींमागं धाडलं.

“म्हणा मावशी, बाईने भांडे फोडले.”

“कुठल्या बाईनं?”

“कुठल्याही.”

“आसं कसं? तुम्ही बघितलंय फोडताना?”

“नुसतं वाक्य आहे हो ते.”

“वाक्य आसलं म्हणून काय झालं? न बघता बाईमाणसावर आळ घ्यायचा न्हाई.”

हे मी बोललो. मीच. लक्षात ठेवा.

मॅडमनी कागद उलटला. “बरं, मुलाने आईला ढकलले.”

“त्याला हिकडं घिऊन या.”

अशी आठ-दहा वाक्यं मी परत पाठवली. शेवटी मॅडमना घाम फुटला. म्हणाल्या, “मावशी, तुमच्या घरात खरंच घडलेलं सांगा. ‘घातलं’ येईल असं काहीतरी.”

मी खडा आवाज लावला. “आमच्या मालकांनी म्हशीला पेंड घातली.” मलाच इतकं आवडलं की तीनदा म्हणालो.

“छान. आणखी एक?”

“थोरलीनं बरणीत ओला चमचा घातला.”

“वा. आता थोरलीच्या जागी ‘मी’ ठेवून म्हणा.”

इथं मी पदराचा माईक मुठीत झाकला. विचारलं, “ह्ये कोण ऐकणार?”

“जर्मनीत एक परिषद आहे. तिथले अभ्यासक.”

आता जर्मनीत आक्काला कोण ओळखतं? दोन वर्षं पोटात गोळा घेऊन फिरत होतो. म्हटलं, हलका व्हायचा तर परदेशात व्हावा.

“मी बरणीत ओला चमचा घातला,” मी म्हणालो. “पावणं आलतं, गडबड होती. आमटीतला डाव काढला आन् तसाच बरणीत घातला. आन् नाव आक्काचं घेतलं.”

मॅडम खुश. “किती नैसर्गिक बोललात.”

मग त्यांनी समजावलं. कितीतरी भाषांत करणारा मोकळा सुटतो, खूण लागते ती ज्याचं काहीतरी केलं त्याला. आपल्याकडं काम झालं की करणाऱ्यालाच ‘नं’ चिकटतं. थोरलीनं, मालकांनी. ‘मी’ला मात्र काही चिकटत नाही. मला भाषा एकदम पटली. दोन वर्षं माझं हेच धोरण होतं.

जाताना म्हणाल्या, “रविवारी तुमच्या गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवलाय. तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य लावणार आहे.”

सगळ्यात चांगलं म्हणजे पेंडीचं. यात शंका कसली? मी गल्लीभर आमंत्रण दिलं. मालकांना इस्त्रीचा शर्ट घातला. आक्काला हाताला धरून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. वर म्हणालो, “नीट ऐक. माझा आवाज जर्मनीला चाललाय.”

पडद्यावर चार भाषांतली अक्षरं आली. मॅडमनी बटण दाबलं आणि हॉलच्या दोन्ही स्पीकरांतनं मी बोललो. “थोरलीनं बरणीत ओला चमचा घातला.” मागच्या बायका हसल्या. मग, “मी बरणीत ओला चमचा घातला.” मग पावणं. मग आमटी. मग डाव. मग आक्काचं नाव.

मालक माझ्या कानात म्हणाले, “आगं, माझी पेंड कुठं गेली?”

मॅडम पडद्यावर काठी टेकून सांगत होत्या, “बघा, थोरलीला प्रत्यय लागला, ‘मी’ला नाही.”

आक्का उभी राहिली. मला वाटलं, आता चप्पल काढती. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “मॅडम, मला जरा कमी ऐकू येतंय. परत लावा की.”

परत लावलं. ती म्हणाली, “आनी एकदा.” तिसऱ्या खेपेला मागच्या बायका माझ्याबरोबर म्हणत होत्या.

मागनं बायकांनी सांगितलं, हीच ती आक्का. मॅडम हरखल्या. “आजी, तुम्हाला कन्नड येतं ना? हेच तुमच्या माहेरी कसं म्हणतात?”

मुकी म्हणून सांगितलेली बाई माईकपुढं गेली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. मला कन्नड येत नाही. पण ‘चमचा’ कळला. आणि बोलताना तिचं बोट माझ्याकडं होतं, तेही कळलं.

घरी येताना ती पुढं, मी मागं. माझ्या मनात एकच, सोमवार गेला, चटणी गेली, मालक आता भाकरीबरोबर अंथरूणही पलीकडं नेतात. दारात आल्यावर म्हणाली, “उद्या सातला डंकावर ये. हात पुसून ये.”

चटणी एकत्र झाली, खोटं कशाला बोलू. तशी चटणी दोन वर्षांत खाल्ली नव्हती. फक्त बरणी आक्काच्या घरात राहते. मला हवी असेल तर आधी फोन करायचा, मग वाटी घेऊन जायचं. वाटी ती स्वतः पुसून घेते.

आणि मॅडमनी जाताना ते रेकॉर्डिंग तिच्या फोनवर पाठवलं होतं. तिनं माझ्या नंबरला तीच रिंगटोन लावली आहे. आधी मराठीत मी, मग कन्नडात ती. भिंतीला भिंत, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं. फोन हातातच असतो तिच्या. पण वाक्य पुरं झाल्याबिगर ती उचलत नाही.